तीन कुंड्या आणि ताईच्या गॅलरीतला खुंट

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण सातवी (पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा गुरुजींची दया), धंदा रोपवाटिकेत कलमं बांधणे, राहणार रोपवाटिकेमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही. फक्त डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला, त्यात लिहिलं होतं की ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झाल्यास जबाबदारी आमची नाही. ऑपरेशन हर्नियाचं. "याने सहसा कोणी मरत नाही," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या बाबतीत सहसा होतं तसं आजवर काही झालेलंच नाही." माझं डोकं ठिकाणावर आहे. त्यांनी तपासलं पोटच, पण डोक्याबद्दल काही तक्रार केली नाही.

वरची भाषा भाडेकराराच्या कागदावरून उचलली आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

बाब पहिली, मिळकत.

स्थावर काही नाही. मीच कधी स्थावर नव्हतो. घरात मला भिंगऱ्या म्हणतात. अठराव्या वर्षी घर सोडलं आणि तीन वर्षांत गॅरेज, धोबीखाना, बेकरी, बोटी रंगवायचा कारखाना असं सगळं करून सोडलं. मधे पंधरा दिवस लिफ्ट चालवली. दिवसभर वर जाऊनसुद्धा संध्याकाळी खालीच असायचो, म्हणून तीही सोडली. या रोपवाटिकेत मात्र पाच वर्षं टिकलो. त्याचं कारण माझी सुधारणा नव्हे. कारण गॅलरीतल्या तीन कुंड्या. माणूस नोकरी सोडून रातोरात पळू शकतो, तीन कुंड्या घेऊन नाही.

जंगम: कुमक्वाटची तीन झाडं (जाती तीन: नागामी, मारुमी, मेइवा), कलमाचा एक चाकू, एक जॅकेट. जॅकेटची चेन बिघडलेली आहे, ते कोणीही घ्यावं.

ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. कुमक्वाट म्हणजे बोराएवढं संत्रं. सोलायचं नाही, सालीसकट तोंडात टाकायचं. गोडी सालीत असते आणि आंबटपणा आत. घरी कुंडीत लावायला याच्यासारखं झाड नाही, असं मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. बाकी पुष्कळ थापा मारतो, ही थाप नाही.

बाब दुसरी, नागामी.

ही रोपवाटिकेच्या मुकादमांना द्यावी. फळ लांबट, झाड नुसतं लगडतं, फोटोत सगळ्यात देखणी हीच. पहिला चावा गोड लागतो, मग जबडा आवळतो. मुकादमही सकाळी "काय राजा, झोप झाली का?" असं साखर घोळून विचारतात आणि दुपारी सगळ्यात जड कुंड्या राजालाच उचलायला लावतात. हर्निया ही त्यांची मला भेट, नागामी ही माझी त्यांना. फिट्टंफाट. मुरंब्याला ही चांगली. बिया काढायच्या, नाहीतर कडू होतो. हे मी त्यांना सांगणार नव्हतो, पण मरताना खोटेपणा नको.

बाब तिसरी, मारुमी.

ही घरमालकीण काकूंना. लहान, गोल फळ, फांदीला काटे, पण तिघींत थंडीला सगळ्यात खमकी. काकूंकडेही काटे आहेत. "गॅलरीतली माती माझ्या कपड्यांवर पडली" हे वाक्य मी पाच वर्षं ऐकतो आहे. पण मला ताप आला तेव्हा माझी चादर धुवायला नेणाऱ्याही त्याच होत्या. मारुमी गॅलरीच्या वाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली तरी चालेल. पाणी बोट मातीत घालून बघूनच द्यावं. माती वरून कोरडी लागली तरच. काकू रोज तांब्याभर ओततील, त्यांना कोणीतरी आवरावं.

बाब चौथी, मेइवा.

ही माझी लाडकी. गोल, जाड सालीची, बिया असल्या तर एखादी, आणि रससुद्धा गोड. काटे जवळजवळ नाहीत. वाढते गोगलगाईसारखी, फळं मोजकीच देते, थंडीत जरा जपावी लागते. तरी घरी एकच झाड लावायचं असेल तर मेइवा लावा. नागामी पाहुण्यांसाठी, मारुमी हवामानासाठी, मेइवा स्वतःसाठी.

ही माझ्या खोलीतल्या जोडीदाराला, म्हणजे आचाऱ्याला हवी होती. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे म्हणे.

"म्हणजे सही पण मीच करायची आणि मला ठेंगा?" आचारी म्हणाला.

"दादा, तुला दिली असती तर तू तिची चटणी केली असतीस."

"केली असती. पण आठवण काढून केली असती."

तेव्हा मेइवा माझ्या भाचीला.

बाब पाचवी, गुरुजी.

गुरुजी वर्गात म्हणाले होते, "याच्या हातून सरळ रेघ येणार नाही." त्यांना कळवावं की हा हात आता वर्षाला चार हजार काप सरळ घेतो. चाकू त्यांना देऊ नये, फक्त कळवावं. अर्थात पुढची बाब वाचली की गुरुजीच बरोबर होते असं कोणाला वाटेल. वाटू दे.

बाब सहावी, ताई.

चार वर्षांपूर्वी मी एकदाच घरी गेलो. माझ्या हातचं पहिलं कलम, मेइवाचं, बसमध्ये दोन दिवस मांडीवर धरून ताईसाठी नेलं. कलम म्हणजे काय, तर खाली दणकट जातीचा खुंट आणि त्याच्या सालीत बसवलेला चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंबाची कळी. खुंटाला खालून फुटवे येतात, ते वेळच्या वेळी खुडावे लागतात. नाहीतर खुंट डोळ्याला उपाशी मारतो आणि स्वतःच झाड होऊन बसतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ताई चुकून वरचाच कोंब खुडेल या भीतीने मी शहाणपणा केला आणि तिला बजावलं, "कात्री लावायची नाही. एक पानसुद्धा तोडायचं नाही."

माझी ताई शब्दाची पक्की. तिने एक पानसुद्धा तोडलं नाही.

दीड वर्षापूर्वी तिने फोटो पाठवला. एका देठाला तीन-तीन पानं आणि बोटभर काटे. कुमक्वाटचं पान एकटं असतं. बघताक्षणी कळलं, माझा डोळा मेला आणि ताई खुंटाला पाणी घालते आहे. मी उत्तर पाठवलं, "वा, छान वाढलंय!"

भाचीच्या हाताला त्याचा काटा लागला. भाऊजी ते काढून टाका म्हणाले. ताई म्हणाली, "माझ्या भावाने स्वतः बांधलंय, हात लावाल तर बघा." आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन.

"अरे भिंगऱ्या, फळं धरली! नऊ आहेत, पिवळी झाली. पण याला लव असते का रे? गालावर असते तशी?"

"असते," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी सासरची सगळी मंडळी बोलावलीत. सासूबाईंना म्हटलं, सालीसकट खायची बरं का, माझा भाऊ यातला माहितगार आहे."

त्या खुंटाचं फळ बियांनी भरलेलं आणि इतकं कडू असतं की बकरीसुद्धा थुंकेल. तरी माझी जीभ उचलली नाही. म्हणून इथे लिहितो: ताई, ते झाड कुमक्वाट नाही. चूक तुझी नाही. माझ्या पश्चात हे तुला वाचून दाखवावं.

इथवर लिहून मी कागद आचाऱ्यापुढे ठेवला. त्याने सगळा वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"मी सही करत नाही."

"मेइवासाठी अडून बसलास का?"

"मेइवा गेली उडत. तू मेलास तर तुझ्या ताईला खरं कळणार. जगलास तर ही रविवारी सासूच्या तोंडात ते फळ घालणार. म्हणजे बहिणीची अब्रू वाचवायची तर तू मरायलाच हवास! एक फोन करायला एवढा खर्च कशाला?"

"उद्या करतो, ऑपरेशन झाल्यावर."

"आत्ता. नाहीतर साक्षीदार बाहेरून आण."

बाब सातवी, त्याच संध्याकाळी वाढवलेली.

फोन केला. सगळं सांगितलं, "छान वाढलंय" सकट.  ताईच्या मागे भाचीचे पाढे ऐकू येत होते.

"म्हणजे दीड वर्ष तू मला वेड्यात काढलंस."

"हो."

"मी सगळ्यांशी भांडले त्या झाडासाठी. पोरीला काटा लागला तरी तिलाच रागावले. आणि तू छान म्हणालास?"

"हो."

"नुसतं हो हो काय करतोस? आणि हे आजच का सांगतोयस? काय झालंय तुला?"

मग हर्नियाचंही सांगावं लागलं. त्यानंतर मला जे ऐकावं लागलं ते सरकारी कागदावर लिहिता येणार नाही. आचारी तीन हात लांब बसला होता, त्यालाही ऐकू गेलं. पुष्कळ बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मूळ जिवंत आहे ना?"

"मूळ उत्तम आहे. तसा खुंट आमच्या रोपवाटिकेतसुद्धा नाही. त्यावर नवा डोळा भरता येईल. तिथल्या एखाद्या माळ्याला..."

"माळी-बिळी नाही. तुझं तू निस्तर. येऊन भर."

"मार्चमध्ये खोडाची साल सैल होऊन सुटते, तेव्हा येतो. दोन दिवसांची रजा काढून."

"डोळा धरला की नाही हे कळायला किती दिवस लागतात?"

"तीन आठवडे."

"मग तीन आठवडे राहायचं. दोन दिवसांत बांधून पळालास म्हणूनच हे झालं."

रविवारच्या मंडळींचं काय करणार, असं मी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "येऊ देत. फळ देणार नाही, झाड दाखवीन. भावाने घोळ घातलाय आणि मार्चमध्ये निस्तरायला येतोय, असं सगळ्यांसमोर सांगीन. मग कसा येत नाहीस ते बघते."

तेव्हा वरच्या मजकुरात बदल तो असा. मी मेलो तर खुंट ठेवायचा की तोडायचा हे ताईने ठरवावं, भाऊजींनी मधे पडू नये. मेलो नाही, तर मेइवा भाचीला लगेच मिळणार नाही. तिच्या काडीवरचे डोळे काढून मी मार्चमध्ये ताईच्या गॅलरीत खुंटावर भरीन, खालचे फुटवे रोज स्वतः खुडीन आणि एकवीस दिवस त्याच घरात राहीन. आठ वर्षांत मी कुठल्याही घरी पाहुणा म्हणून एवढा राहिलेलो नाही. जगलो तर काय करीन हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असं आचारी म्हणतो. नसतील लिहीत. माझ्या तोंडी वचनावर घरात कोणाचा विश्वास नाही, म्हणून दोन साक्षीदारांसमोर लिहून देतो.

लिहून देणार: भिंगऱ्या (सही). रेघ वाकडी आली आहे, हे गुरुजींना कळवू नये.

साक्षीदार पहिला: आचारी, खोलीतला जोडीदार. वाचून, भांडून आणि काहीही न मिळता सही केली.

साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचा टेम्पोवाला. याने वाचलेलं नाही. सकाळी दवाखान्यात सोडणार आहे.

ठिकाण: रोपवाटिकेमागची खोली, दुसरा मजला.
दिनांक: १२ नोव्हेंबर, ऑपरेशनचा आदला दिवस. मार्चला साडेतीन महिने.