लोकरीच्या काठाची चटई

कंडावू बेट (फिजी), ४ ऑगस्ट

चि. वासितीस,
बुबूचे, तुझ्या आजीचे, पोटभर आशीर्वाद.

तर काल दारात आली ती पलीकडच्या खाडीवरची मेरेओनी, मागून तिच्या दोन जावा. जूनमध्ये तिची सासू गेली तेव्हा मी मयताला रीतीप्रमाणे चटई नेली होती ना, त्याची जाण ठेवून आल्या. अळकुड्या आणल्या, हातभर मासा आणला. तुझे आजोबा गेल्यापासून या घरात एवढा कलकलाट झाला नव्हता गं! लिंबाच्या पानांचा चहा केला, तर कप पुरेनात. मेरेओनी म्हणे, चटई झकास, पण काठाच्या लोकरीच्या गोंड्यांचा काही मेळच नाही, लाल किती, निळे किती, म्हातारीनं झोपेत विणली की काय. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग माझा कप हातातच राहिला.

घाबरू नकोस. तू जाताना फोनमध्ये पैशांचं पाकीट करून दिलंस. म्हणालीस, याच्या किल्लीचे तीन तुकडे असतात. एक फोनात, एक कंपनीकडे, एक वर इंटरनेटच्या कपाटात. दोन जुळले की पाकीट उघडतं. त्या कपाटाचे आठ आकडे मी ठरवायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत, तुलासुद्धा. कागद वादळात उडतो, म्हणून मी ते चटईच्या काठात गोंडे मोजून घातले. आणि मयताला जायचं तर घरात चांगली चटई तेवढीच, तीच देऊन बसले.

त्याआधी मंगळवारीच बोटीतून गुडघाभर पाण्यात उतरताना फोन कमरेला गुंडाळलेल्या सुलूतून सटकला नि बुडाला. आता आकडे आठवत नाहीत. दिलेली चटई परत कोणत्या तोंडानं मागू?

तुझीच वेंधळी,
बुबू


बंडाबर्ग (ऑस्ट्रेलिया), १९ ऑगस्ट

ती. बुबूस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सोबत फोन पाठवते आहे. त्यात तुझं खातं घालून ठेवलंय, फक्त आकडे टाकायचे. कंपनीला विचारलं. ते म्हणाले, आकडे आमच्याकडे नसतातच, म्हणून तर चोरही नेऊ शकत नाही. मी म्हटलं, चोराचं सोडा, माझ्या आजीचं काय? 

बुबू, तीन वर्षांची माझी कमाई त्यात आहे, परतीचं तिकीट त्यातच आहे. वृद्धाश्रमाची बाई विचारते आहे, आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करतेस का. पंधरा सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचंय. इथल्या म्हाताऱ्या मला आपापल्या मुलींच्या नावानं हाक मारतात, मी ओ देते. माझ्या नावानं कुणीच बोलावत नाही. रविवारी एकटीपुरता कसावा उकडते, तरी उरतोच.

मेरेओनीला चटई परत मागू नकोस, नुसती बघायला माग.

तुझ्या कुशीत यायला टपलेली,
वासिती


कंडावू, २ सप्टेंबर

चि. वासितीस,
बुबूचे आशीर्वाद, आणि दोन्ही गाल हुंगते.

मेरेओनीला निरोप धाडला. सोमवारी पाच जणी आल्या! चटई तिच्याकडे नाहीच, तिनं ती भाचीच्या लग्नात दिली. मयतात दिलेली चटई बघायला मागणारी मी पहिलीच म्हणे. धाकटी जाऊ म्हणाली, आजीबाईंनी त्यात नवरा विणला असेल. हसून हसून माझे डोळे गळायला लागले. गोंडे कशासाठी मोजायचे ते मी सांगितलं नाही, तरी भाचीकडून चटई घेऊन येतो, सगळ्या मिळून मोजू, असं कबूल करून गेल्या.

त्या गेल्या आणि घर असं गप्प झालं की समुद्रसुद्धा लांब गेल्यासारखा वाटला. बसवेना, म्हणून नव्या चटईचा काठ धरला. लक्ष तुझ्या सहीकडे. खाली बघते तर माझ्या बोटांनी आपसूक गोंडे बांधलेले, लाल एवढे, निळे एवढे, ओळीनं आठ झुबके. आकडे लिहीत नाही, तूच बजावलंयस. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते.

सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईला धरून टेकडी चढले, वरच रेंज येते. तिला तोंड फिरवायला लावलं आणि तू धाडलेल्या फोनात आकडे टाकले. उघडलं गं! सगळं जिथल्या तिथे आहे. तुला फोन लावला, वाजून वाजून थांबला, तू कामावर असशील. नर्सबाईनं मेसेज टाकलाय, तरी हातानंही लिहिते: सही करू नकोस. तिकीट काढ.

मेरेओनीला मात्र मोजायची गरज उरली नाही हे कळवलेलं नाही, नाहीतर त्या येतील कशाला. नर्सबाईलाही ताकीद दिलीय. आठ कप उसने आणलेत, माशाचं सांगून ठेवलंय. त्या मोजतील, मीही त्यांच्याबरोबर पहिल्यापासून मोजेन, मध्येच चुकेन, पुन्हा मोजायला लावेन. तू येईस्तोवर एवढं चालवून घे.

वाट बघणारी,
बुबू

ता. क. शनिवारी येतो म्हणाल्यात.