आजीच्या गोष्टीमागचा आवाज

पुणे,
सोमवार, १३ नोव्हेंबर २००६

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र घरी न येता तुझ्या अंगणवाडीत आलं म्हणून दचकू नकोस. आपले कुंडलिकमामा एसटीवर कंडक्टर, त्यांच्या हाती दिलंय आणि तुझ्या मदतनीस धोंडाबाईंकडेच द्या म्हणून दोनदा बजावलंय. धोंडाबाईंना वाचता येत नाही, तेवढाच मला आधार. घरी फोन केला तर आई उचलते, आणि मोबाईल दादाच्या खिशात. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की मगच वाच.

मी बरी आहे. खानावळीच्या आमटीत डाळ अजून शोधावीच लागते. आमच्या पत्रकारितेच्या वर्गात सरांनी यंदा नवं खूळ काढलंय, पॉडकास्ट म्हणतात. रेडिओसारखाच कार्यक्रम, पण कॉम्प्युटरवर चढवायचा, म्हणजे ज्याला हवा त्याने हवा तेव्हा ऐकावा. प्रत्येकाने दहा मिनिटांचा करायचा आणि त्याच मुलाखतीवर एक बातमी लिहायची. म्हणून तर परवा शनिवारी मी तो बोटभर रेकॉर्डर घेऊन निरगुडसरला घरी आले होते. तू पोरींना घेऊन मळ्यात गेली होतीस आणि मी ओट्यावर आजीला बोलतं केलं. हरवलेली म्हैस मंचरच्या बाजारात कशी सापडली, ती गोष्ट. आजी काय रंगली होती! "आगं, म्या नुसती हाक मारली, तर दाव्याला हिसका देऊन आली की माझ्याकडं!"

आज सकाळी कॉलेजात ते हेडफोन लावून ऐकलं. वहिनी, ते यंत्र समोरच्याचं बोलणं घेतं तसं भिंतीपलीकडचंही घेतं. आजीच्या मागे स्वयंपाकघरातून आईचा आणि दादाचा आवाज येतो. सहा वेळा ऐकलं. जसंच्या तसं लिहिते.

आई म्हणते, "नक्की पोरगीच हाये म्हनला का डाक्टर?"

"व्हय. गुरवारी घिऊन या म्हनलाय. दुपारपत्तुर पाडून घरी धाडतो."

"आन् तिला काय सांगायचं?"

"रगत कमी हाये, बाटली लावायचीये, एवढंच. तू काय बोलू नको."

मागच्या तपासणीला बाळ आडवं आहे का बघू म्हणून तुला लांबच्या गावी सोनोग्राफीला नेलं, ते याचसाठी. गुरुवारी गाडीत बसू नकोस. तुझं रक्त कमी नाही, नर्सबाईंनी चांगलं आहे म्हणून सांगितलेलं तूच मला बोललीस.

मला फार भीती वाटतेय. सर सांगतात, बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का यांची उत्तरं हवीत. माझ्याकडे पाचही आहेत आणि पाचही आपल्या घरातली. ही बातमी दिली तर पोलीस दारात येतील. आणि दादा, वहिनी! अण्णा नको म्हणत असताना त्यांच्याशी भांडून मला पुण्याला कोणी पाठवलं? माझ्याशी तो कधी आवाज चढवून बोललेला नाही. तोच माणूस इतक्या शांतपणे हे बोलतो!

मघापासून एक सांगायचं टाळतेय. मला हे आज कळलेलं नाही. शनिवारीच ऐकू आलं होतं. दादाचं बोलणं संपतं आणि मग माझा आवाज येतो, चांगला हसरा: "मग आजी, म्हशीने दूध दिलं का त्या दिवशी?" संध्याकाळी तू मला गरम भाकरी वाढलीस, "खा गं, वाळलीस पार" म्हणालीस, आणि मी खाली मान घालून जेवले. दोन दिवस स्वतःची समजूत घालत होते की ऐकण्यात चूक झाली असेल. म्हणून आज पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. चूक नव्हती.

बाळाचं काय करायचं ते तू ठरव. ते तुझं आहे. पण तुला फसवून कोणी नेऊ नये. बातमी द्यायची की नाही, तेही तुला विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही. रेकॉर्डिंगची एक नक्कल मैत्रिणीकडे ठेवलीय. बुधवारी दुपारच्या गाडीने मी येतेय, दादासमोर बसून त्याला हे ऐकवणार आहे. त्यानंतर शिक्षण सुटेल, कदाचित घरही. आत्ता लिहितानाच माघार घ्यावीशी वाटतेय.

म्हणून सांगते, माझ्या भरवशावर राहू नकोस. शनिवारी मी काय केलं ते तुला आता माहीत आहे. बुधवारी चारपर्यंत मी दारात दिसले नाही, तर आजारी असेन, गाडी चुकली असेल असं काही मनात आणू नकोस. मी भ्यायले, एवढंच समज. दोघी पोरींना घे आणि पाचच्या गाडीने पिंपळवंडीला माहेरी निघून जा.

तुझी नणंद, आणि कोणी विचारलं तर साक्षीदार,
प्राची सावळेराम हिंगे