उंबरावरची आणि पोटातला

माघ, शके १८५५. मंगळवार

पहिली आली ठकूबाई. शेजारीण आमची — भाकरी थापली की तिला वास लागलाच! तिच्या मागून आंबेनळीचा शिकारी कोंडाजी, खांद्याला बंदूक. म्हणे, "आजी, वालाच्या शेंगा ठेवल्या नायत वानरांनी. शेवटची ती उंबरावरची, तिला पाडतो. झाड तुमचं हाय, हो म्हणा." मी म्हटलं, मारुतीचं वानर हाय रे, बंदूक पलीकडं ने! पूर्वी आमच्या कापडे गावात वानरं उतरली की घराघराची कौलं वाजायची. याच्या बंदुकीनं संपवली. आता एक वानरी, पोटाशी पिल्लू. दर शनवारी पहिली भाकरी तिची.

माझी नात आवडी काय जेवते! चार भाकऱ्या, वर भात! बघूनच माझं पोट भरतं.

बुधवार

ठकूबाईनं आवडीचं मनगट धरलं. "एवढं खाते गो, मग जातं कुठं? ती वानरी कौलावरून ताटाकडं टक लावते. पोरीचं अन्न तिच्या पोटात जातंय." मी हसले. मग पोरीची बांगडी सरकवून बघितली — कोपरापर्यंत चढली!

गुरुवार

कोंडाजीला निरोप धाडला, पाड तिला म्हणून. सोमवारी येतो म्हणाला. मारुतीराया, पदर पसरते.

शनिवार

भाकरी ठेवली नाय. वानरी कौलावर वाट बघत बसली. मी दार लावून घेतलं.

लेकानं, मुरारीनं, महाडहून वैद्यबुवा आणले. वावडिंग दिलं, एरंडेल दिलं. दुपारी परसातून आवडी ओरडली, "आजी गो!" बघते तर पांढरी चपटी नाडी, हातभर लांब — आणि हलते! वैद्य म्हणाले, "जंत आहे. रानडुकराचं खाल्लंत का?" दिवाळीत कोंडाजीनंच वाटा दिला होता. निखाऱ्यावर मी भाजला. आवडीला धीर नाय, तसाच अर्धाकच्चा तिच्या हातावर ठेवला. वैद्य म्हणाले, "जंताचं डोकं आत राहिलंय. ते निघालं नाही तर पुन्हा सगळा वाढेल. सोमवारी येतो."

वानरी खाते ती सगळ्यांदेखत, खाऊन निघून जाते. हा मेला लपून खातो, हलत नाय. आणि मी बंदूक कुणावर बोलावली!

रविवार

मुरारी पहाटेच आंबेनळीला गेला, निरोप फिरवायला. कोंडाजी भेटला नाय, रानात शिरलाय म्हणे. उद्या आवडीला मांडीवर घेऊन मीच उंबराखाली बसते. टाक म्हणावं बार!

रविवार, सांजेला

उंबराकडं बार वाजला. पिल्लू ओरडतंय. कोंडाजी तर सोमवारी येतो म्हणाला होता!

वैद्यबुवा मात्र सोमवारीच येणार.