ढिल्या नॉबचा आवाज

प्रिय ढापण्या,

या नावाने तुला शेवटची हाक कोणी मारली असेल, आठवून बघ. हल्ली तुला सगळे ‘सर’ म्हणतात असं ऐकते, आणि तू ओ देतोस असंही ऐकते. मला ते जमायचं नाही. सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत एकाच स्टुलावर आपण आळीपाळीने बसलोय. अशा माणसाला ‘सर’ म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा जाड भिंगांच्या चष्म्यावरून पडलेलं हे नाव तेवढं चालवून घे.

बातमी आधीच सांगून टाकते. मला चोर ठरवलंय. वयाच्या बावन्नाव्या वर्षी जन्मात पहिल्यांदा एका स्पर्धेत भाग घेतला, आणि पहिल्याच फटक्यात मुद्देमालासकट सापडले. शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. गाण्यातला एक आवाज बदलायचा, नाहीतर बाहेर व्हायचं. आज मंगळवार.

स्पर्धा तुला ठाऊक आहेच, रविवारच्या निकालाच्या कार्यक्रमाचा पाहुणा तूच आहेस. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. दरवर्षी हे लोक कॉम्प्युटरवरचं एकच सिंथेसायझर निवडतात, तेही फुकट मिळणारं, म्हणजे कोणाचं घोडं खिशापाशी अडायला नको. पंधरा दिवसांत त्या एकट्या वाद्यावर अख्खं गाणं उभं करायचं. ढोल हवा तर त्यातूनच काढा, बासरी हवी तर त्यातूनच. बाहेरची साधी टाळीसुद्धा रेकॉर्ड करून घालायची नाही. वाद्याबरोबर जे तयार आवाज मिळतात ते वापरायचे नाहीत आणि त्यांची नक्कलही करायची नाही. गाण्याची फाइल उघडी द्यायची, कोणालाही आत डोकावता यावं म्हणून. नावं नाहीत, नुसते नंबर. मी एकेचाळीस. पहिला येईल त्याला पुढच्या वर्षीचं वाद्य निवडायचा मान. बस, एवढंच. आणि एवढ्यासाठी साठ-सत्तर शहाणीसुरती माणसं पंधरा दिवस घरच्यांना तोंड दाखवत नाहीत.

मंडळी मात्र झकास आहेत. एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे, त्याचं प्रत्येक गाणं वर चढतं आणि मध्येच अडकतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचे ढोल ऐकले की मागच्या बाकावरची पोरंही हाताची घडी घालतील. नियम सांभाळायला दातांचे एक डॉक्टर आहेत. दुसऱ्याच्या तोंडात टॉर्च मारून कीड शोधायची त्यांची सवय इथेही कामाला येते.

मला यात ढकललं ती माझ्या भाचीने. आपला जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारून म्हणाली, “मावशी, तू दिवसभर लोकांना पीं पीं ऐकवतेस. एकदा स्वतःसाठी काहीतरी वाजव.” खरंच आहे ते. मी गेली एकोणीस वर्षं कानाच्या मशिनच्या दवाखान्यात काम करते. काचेच्या खोलीत माणसाला बसवते, कानावर हेडफोन चढवते, आणि बारीक होत जाणारे सूर ऐकवत विचारते, आला का ऐकू? आला की बटण दाबा. निम्मे लोक ऐकू न येताच दाबतात. आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करणं माणसाला फार जड जातं. तुला हे मी कशाला सांगतेय म्हणा.

तर मी वाद्य उतरवून घेतलं. ‘अटी मान्य आहेत’ यावर सगळं जग करतं तसं न वाचता टिचकी मारली. तयार आवाजांची यादी उघडलीसुद्धा नाही. वापरायचेच नाहीत तर बघायचे कशाला? उपासाच्या दिवशी मिठाईच्या दुकानासमोर उभं राहण्यासारखी गत. माझी चूक झाली असेल तर एवढीच, की त्या साठ-सत्तर लोकांत नियम इतका मनावर घेणारी मी एकटीच निघाले. बाकी सगळ्यांनी यादी आधी ऐकली होती, काय टाळायचं ते कळावं म्हणून. मी कोऱ्या पानावर बसले, आणि बोटं आपोआप एका जुन्या आवाजाकडे गेली.

आठ दिवस कामावर जायच्या आधी तासभर बसायचे. एक जाडसर सूर, त्याच्या शेजारी दुसरा, पहिल्याला जेमतेम खेटून. दोघं बरोबर चालतात, आणि चार सेकंदांनी दुसरा हळूहळू खाली घसरायला लागतो. किती घसरवायचा, याला कानाशिवाय माप नव्हतं. नवव्या दिवशी तो बरोबर घसरला. आई शेजारच्या खोलीत कानातलं मशिन काढून शेंगा सोलत होती. तिने तिथूनच ओरडून विचारलं, “तुमचं ते यंत्र पुन्हा बिघडलं का गं? आणि तो चष्मेवाला हल्ली येत नाही तो?” मशिनशिवाय तिला दारावरची घंटा ऐकू येत नाही. हे ऐकू आलं. त्या आवाजाभोवती मी चार मिनिटांचं गाणं बांधलं आणि पाठवून दिलं.

आठवड्याने डॉक्टरांचं पत्र आलं. प्रवेशिका क्रमांक एकेचाळीसमध्ये तयार आवाज क्रमांक सदतीस, नाव ‘हुरहूर’, याची नक्कल आढळली आहे. दोन्हींची आखणी एकमेकांवर ठेवून पाहिली, तंतोतंत बसते, अगदी चौथ्या सेकंदाच्या घसरणीसकट. ‘इतकं योगायोगाने जुळत नाही.’ डॉक्टरांचं हे वाक्य मला फार आवडलं. योगायोग नाहीच तो. मग मी ती यादी पहिल्यांदा उघडली. सदतीस नंबर वाजवला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ध्वनिरचना, आणि पुढे तुझं नाव. चांगलं लांबलचक, वडिलांच्या नावासकट.

आपल्याच घरात खिडकीतून शिरताना पकडलं जावं, आणि पंचनामा करायला घर बळकावणारा बसलेला असावा, असं काहीसं झालं. मी पोटभर हसले. हसून झाल्यावर दुसरं जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

हुरहूर. काय नाव शोधलंस रे. आपण त्याला ‘ढिली’ म्हणायचो. ती दुपार तुला आठवते का, की तीही तू आता दुरुस्त करून ठेवली आहेस? अर्धे अर्धे घालून घेतलेला तो जुना कीबोर्ड, त्याचा डावीकडून तिसरा नॉब ढिला झालेला. तू म्हणालास, भंगारात घालू. मी चपलांच्या दुकानातून परस्पर आले होते, उपाशी आणि चिडलेली. हाताला लागला त्या पुठ्ठ्याच्या मी चार घड्या घातल्या आणि नॉबखाली कोंबल्या. नॉब वर फिरवून सोडला की पुठ्ठा त्याला चार सेकंद धरून ठेवायचा, मग दमून हळूहळू सोडायचा. सूर घसरायचा. तू कपाळाला हात लावलास. मी म्हटलं, थांब, पुन्हा ऐक. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तू स्टुलावरून उठलास आणि मला बसायला दिलंस. तुझ्याकडून मला मिळालेली सगळ्यात मोठी दाद ती, आणि अजूनही मी ती खोटी मानत नाही.

त्याच आठवड्यात दुकानात माझी फजिती झाली होती, तेही तुला सांगितलं होतं. छातीवर लावायची नावाची पट्टी माझ्याकडे नव्हती म्हणून मालकाने काम सोडून गेलेल्या एका मुलीची पट्टी मला लावायला लावली. आठवडाभर मी दुसरीच्याच नावाने लोकांच्या पायात चपला चढवल्या. तू त्यावर इतका हसलास की चष्मा काढून पुसावा लागला.

मग ती घड्याळाची जाहिरात आली. तू म्हणालास, कीबोर्ड दोन दिवसांसाठी नेतो, रेकॉर्डिंग झालं की घेऊन येतो, मग बसून पुढचं ठरवू. कशाचं पुढचं, हे तू बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. या पंचवीस वर्षांत तुझे ते दोन दिवस काही सरले नाहीत. जाहिरात ढिलीसकट घराघरांत पोचली, नाव तुझं एकट्याचं आलं. लोक म्हणाले, तू भांड. मी गप्प बसले. समजूतदारपणाने नाही रे, निव्वळ मूर्खपणाने. मला वाटायचं, हा स्वतःच एक दिवस जिना चढून येईल आणि सांगेल. सायकलवाल्याने दुकान विकलं, जिनाही गेला.

आता शुक्रवारची गंमत. तुझा निरोप आला. नंबरामागे मी आहे हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तू ओळखलंस. कान शाबूत आहेत म्हणायचे. ‘गाणं सुंदर आहे. नियम आहे, काय करणार. तेवढा एक आवाज बदल, मी डॉक्टरांशी बोलतो, तुला आत घेतील. उगाच जुनं उकरायला नको. काळजी घे.’ मी चार वेळा वाचला. माझ्याच घरात मला मागच्या दाराने घेण्याची शिफारस तू करणार, आणि वर काळजीही मीच घ्यायची. लिफ्टवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, “ताई, हे म्हणजे लिफ्ट आपण बसवायची आणि आपल्यालाच जिन्याने जा म्हणायचं.” तो बिचारा माझ्या बाजूने समितीकडे भांडायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आवाज बदला हो, गाणं तरी वाचेल. त्यांचंही खरं आहे. दुसरा कुठलाही सूर तिथे बसवला तर गाणं बरं वाजतं. मी करून पाहिलं. बरं वाजतं, आणि माझं वाटत नाही.

म्हणून आज सकाळी मी डॉक्टरांना उत्तर पाठवलं. तीच फाइल, तोच आवाज, एक कणही इकडचा तिकडे नाही. फक्त गाण्याला आधी नाव नव्हतं ते दिलं, ‘ढिली’. खाली लिहिलं, आवाज बदलणार नाही. तो माझा आहे की चोरीचा, ते रविवारी सगळ्यांसमोर ठरवा. त्यानंतर काढायचं तर काढा, मी आपल्या पायांनी जाईन. डॉक्टरांचं लगेच उत्तर आलं. रविवारपर्यंत निकाल राखून ठेवतो, पण पुरावा आणा, कान चालणार नाहीत. आता पुराव्याचं ऐक, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले. रविवारच्या आमंत्रणात छापलंय की तू तो जुना कीबोर्ड काचेच्या पेटीतून सभागृहात आणणार आहेस. तुझी मुलाखतही वाचली, फोटोसकट. त्यात तू म्हणतोस, तिसऱ्या नॉबखालचा पुठ्ठा मी स्वतः बसवला, सगळा जीव त्या पुठ्ठ्यात आहे, आजवर कोणाला हात लावू दिलेला नाही. याबद्दल तुझे आभार, ढापण्या. खरंच. तू स्वतःही लावला नाहीस, लावला असतास तर असं बोलला नसतास. ती माझी दुकानातली पट्टी आहे. चार घड्या उलगड, आत मालकाच्या जाड शाईतलं माझं नाव आहे, आडनावासकट. पंचवीस वर्षं तू ते काच पुसून जपलंस. रविवारी मी उभी राहून एवढंच म्हणणार आहे, तो पुठ्ठा उघडा. हे तुला न कळवता केलं असतं तर तो डाव झाला असता, आणि डाव साधणं हे खातं तुझं. तुझ्याकडे पाच दिवस आहेत. पुठ्ठा काढून फेकून देऊ शकतोस, मग माझ्याकडे आईखेरीज साक्षीदार नाही, आणि तिला ऐकू येत नाही. त्याच जागी राहू देऊ शकतोस. किंवा स्वतः उठून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने उलगडू शकतोस. यातलं काहीही केलंस तरी माझा सूर चौथ्या सेकंदाला घसरणार म्हणजे घसरणार. मी पहिल्या रांगेत बसेन. एक खुर्ची शेजारी धरून ठेवते, स्टूल नसलं तरी.

तुझीच जुनी अर्धी भागीदार,
प्रवेशिका क्रमांक एकेचाळीस