संदर्भ क्रमांक सतरा

३ फेब्रु., सोम.
पेपर परत आला, तोही न वाचता. पेरूवरची फळमाशी आणि तुळशीचे सापळे, माझी तीन वर्षं, आणि त्यांनी पाहिलं काय, तर शेवटची संदर्भयादी. त्रेचाळीस संदर्भ, एकही त्यांच्या पद्धतीत नाही म्हणे. आडनाव आधी, मग अल्पविराम, मग आद्याक्षरं, वर्ष कंसात, पानं शेवटी. तीन आठवड्यांत दुरुस्त करून पाठवा. पेपर स्वीकारला गेल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही, म्हणजे माझी पीएच.डी. आता अल्पविरामांवर टांगलेली.
माझे मार्गदर्शक सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. हे त्यांनी स्वतः चहा पीत, खुर्चीत रेलून सांगितलं.

५ फेब्रु., बुध.
बेचाळीस झाले. मान धरली, पण झाले. मला यात मजा यायला लागली आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही.
उरला सं. १७. ‘दत्तात्रय, एस. के.’ एवढंच आणि एक वर्ष. पानं नाहीत. इंदापूरच्या बागेत चुरगळलेल्या तुळशीवर नर माश्या येतात, हे पहिल्यांदा यांनीच नोंदवलं. सगळे यांचा उल्लेख करतात आणि सगळे एकमेकांवरून उतरवतात. मीसुद्धा. मूळ कागद मी कधीच पाहिलेला नाही. लाज वाटली, म्हणून इथं लिहून ठेवते.

६ फेब्रु., गुरु.
सर म्हणाले, एवढा एक गाळून टाका, कुणाला कळणार नाही.
खरंच कळणार नाही. तो गाळला तर तुळशीची कल्पना माझीच वाटेल. पाच मिनिटं मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. मग राग आला, आधी सरांचा, मग माझा. नाही गाळणार.

८ फेब्रु., शनि.
सकाळच्या एसटीनं इंदापूर. माझे सापळे ज्यांच्या बागेत आहेत, त्या तात्यांना विचारलं, दत्तात्रय आडनावाचे साहेब आठवतात का. तात्या पेरू पुसत म्हणाले,
“साहेब कुणी आल्यालं न्हाय बघ. एक बाई यायच्या, लुनावरनं. तुळस चुरगाळायच्या, डब्यात घालायच्या अन् माश्या मोजत बसायच्या. आमी हसायचो.”
साहेबांच्या मदतनीस असतील, म्हणून वहीत तसंच टिपलं. पिशवीभर पेरू घेऊन परत.

११ फेब्रु., मंगळ.
सापडलं! इथंच बारामतीत, आमच्या संशोधन केंद्राच्या कार्यालयामागच्या खोलीत, जुन्या हजेरीपटांखाली. टंकलिखित, एकोणीस पानी पुस्तिका, कोपरा वाळवीनं खाल्लेला. मुखपृष्ठावर नाव: शिंदे कुसुम दत्तात्रय.
दोनदा वाचलं. आपल्याकडे हजेरीपटावर लिहितात तसं लिहिलंय: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. ज्यानं पहिल्यांदा उतरवलं त्यानं शेवटचा शब्द आडनाव धरला. शिंदे आणि कुसुम यांचं झालं एस. के. पुढे सगळे त्याच्या मागून. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवरही नाव असंच आहे, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.
म्हणजे लुनावाल्या बाई मदतनीस नव्हत्याच. शनिवारची ओळ खोडली. खोडताना पेनानं कागद फाटला.
घरी येऊन उरलेली यादी पुन्हा तपासली. सं. ३१ मधले ‘मारुती, पी. एस.’ हेही बहुधा कुणाचे तरी वडीलच.

१३ फेब्रु., गुरु.
हजेरीपटात जुना पत्ता होता, जळोचीचा. गेले तर त्या तिथंच राहतात. कुसुमबाई अंगणात मेथी निवडत होत्या. सत्तरीच्या आसपास, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. पुस्तिका पाहिली आणि आधी वाळवीला नावं ठेवली.
इतकी वर्षं काय छापत आलेत ते मी सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्या इतक्या हसल्या की मेथी मांडीवरनं खाली.
“दत्तात्रय म्हणजे आमचे आप्पा. शाळेची पायरी चढले न्हाईत कधी, अन् शास्त्रज्ञ झाले व्हय?”
मग पदरानं चष्मा पुसला. केंद्रातली नोकरी हंगामी होती, मुदत संपली तसं घरी बसवलं. पुस्तिकेचं पुढं काय झालं ते कुणी कळवलंच नाही. मी म्हटलं, आता नाव दुरुस्त करते. तर म्हणाल्या, राहू दे. आप्पांनीच लुना घेऊन दिली होती, गावानं नावं ठेवली तरी. त्यांचं नाव फिरतंय तर फिरू दे.
वहीत नवी ओळ लिहून त्यांच्यापुढे धरली: शिंदे, के. डी.
“यातला डी कोण?”
“आप्पा.”
त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.
“मग असंच लिही. दोघंबी राहतो.”
परत येताना गाडीवर मोठ्यानं गात होते. सिग्नलला लोक बघत होते, बघोत.

१७ फेब्रु., सोम.
सरांना पुस्तिका दाखवली. मुखपृष्ठ उलटसुलट पाहिलं, चहा गार झाला. मग हळूच म्हणाले, “माझ्या दोन पेपरांत दत्तात्रयच आहे.” मला माहीत होतं. मी मान खाली घालून पुस्तिकेची पानं मोजत राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं.
संध्याकाळी त्यांनी स्वतः त्या दोन्ही नियतकालिकांना दुरुस्तीची पत्रं लिहिली. मला वाचून दाखवली. सरांबद्दल आजवर जे जे लिहिलं, त्यातलं निम्मं मागे.

२० फेब्रु., गुरु.
पाठवला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. सं. १७ ला आता पानंही आहेत, १ ते १९. बटण दाबल्यावर उगाच उभी राहिले.

४ मार्च, मंगळ.
संपादकीय कार्यालयाचा मेल. यादी निर्दोष, फक्त एक शंका: सं. १७ इतर सर्वत्र ‘दत्तात्रय’ असा आढळतो, तसा बदलावा का?
मुखपृष्ठाचा फोटो जोडला. लिहिलं: नाही. बाकी सर्वत्र चूक आहे.
असं वाक्य लिहायला मिळावं म्हणूनच माणूस पीएच.डी. करत असावा.
दुपारी उत्तर: मान्य. पेपर परीक्षकांकडे रवाना.

९ मार्च, रवि.
परीक्षकांचं उत्तर कधी येईल कोण जाणे. दोन महिने, चार महिने. नाकारतीलही. कुसुमबाईंना तसं स्पष्ट सांगितलं, तर म्हणाल्या, तोवर तुझे सापळे दाखव की.
एसटीनं इंदापूर. बागेत शिरताच त्यांनी माझा पहिलाच सापळा काढून तीन हात पलीकडे टांगला. तिथं सावली टिकते म्हणे. मी निमूट टिपून घेतलं.
तात्या बांधावरून बघत होते. जवळ आले, टोपी सारखी केली. लुनावाल्या बाई त्यांनी बरोबर ओळखल्या.
“बाई, तवा नाव इचारायचंच राहिलं बघा. नाव काय वो तुमचं?”
कुसुमबाईंनी हातातली तुळस चुरगाळली, वास घेतला, आणि माझ्याकडे न बघता सांगितलं,
“शिंदे, के. डी.”