हद्दीपलीकडच्या एका एकराचा फ्लाइट प्लॅन

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५. संध्याकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. वैमानिकाला लॉगबुक लागतंच.
हन्नाताईचा फोन. भाताला तुडतुडे लागलेत. दोन ठिकाणी ताटाएवढं गोल करपलंय. कृषी सहायक म्हणाले, चार दिवसांत औषध पडलं नाही तर शेत बसलं समजा. तीन एकर भात, घरात वर्षभर तोच खायचा. तिला म्हटलं, ताई, निर्धास्त राहा, सोमवारी सकाळी सातला मी ड्रोन घेऊन हजर! तिने फवारणीच्या पंपवाल्या लखनला आल्या पावली परत पाठवलं. माझा भाऊ पायलट आहे, म्हणाली त्याला. बरं वाटलं.
नोंद: ड्रोन माझ्या बायकोच्या, प्रिस्किलाच्या, बचत गटाला मिळालाय. पायलटचं सर्टिफिकेटही तिच्याच नावावर. योजनाच बायकांची, त्याला कोण काय करणार? मी असिस्टंटचा कोर्स केलाय. पण नियम कळणारा माणूस घरात एकच. वीस वर्षं नवापुरात झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान चालवतोय, गंमत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर
घोटाळा. ताईचे दोन एकर महाराष्ट्रात आणि हद्दीच्या दगडापलीकडचं एक एकर गुजरातमध्ये. हे आधी लक्षातच आलं नाही. बरं झालं रात्री इंटरनेटवर वाचलं. खाजगी पायलटने सीमा ओलांडायची तर आधी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, दोन्हीकडच्या कंट्रोलला कळवावं लागतं, आणि विमानाच्या वजनावर फी असते. पान परदेशातलं आहे, पण तत्त्व तेच.
प्रिस्किला म्हणाली, अहो, ताईच्या शेळ्या रोज पलीकडे चरतात, बाजाराला आपण गुजरातेत उच्छलला जातो, आजवर कुणी अडवलंय? मी म्हटलं, शेळी उडत नाही. ती भांडी घासायला गेली. मुद्दा पटला असावा.
फ्लाइट प्लॅन स्वतः टाइप केला. मार्ग: बांधापासून पलीकडच्या आंब्यापर्यंत आणि परत.

सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी ९
सातला निघायचं होतं. नाही निघालो. बेकायदेशीर उड्डाण माझ्या हातून होणार नाही.
विमानतळाच्या ऑफिसला फोन लावला. पाचव्यांदा उचलला. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, कुठलं एअरक्राफ्ट? सांगितलं. उंची किती? म्हटलं, दहा फूट. मग हिंदीत म्हणाले, भाईसाब, भातावरच मारायचंय ना, मग मारा की. मी सीमा ओलांडण्याची फी विचारली. त्यांनी फोन ठेवला. मोठे अधिकारी असं तोंडी काही कबूल करत नाहीत, हे मला फॉर्मच्या धंद्यामुळे माहीत आहे. ईमेल टाकला. प्रत दोन्ही जिल्ह्यांना.
ताईचा फोन आला. तिला एवढं कायद्याचं कुठे कळणार? सांगितलं, मशीनचा पार्ट गेलाय, दुसरा येतोय. तेवढंच सोपं.
प्रिस्किला म्हणाली, मी जाते, माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. मी म्हटलं, तेच जप्त झालं तर गटाचं नाव जाईल. बॅटऱ्या दुकानातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

मंगळवार, १६ सप्टेंबर
सकाळी शाळेच्या मैदानावर एकट्याने सराव. कोर्समध्ये उडवायचं काम प्रिस्किलाकडे होतं, मी पाणी आणि बॅटऱ्या बघायचो. पण शेजारी उभं राहून सगळं पाठ झालंय.
पंखे सुरू केले. काय तो आवाज! धूळ उडाली. रिमोट हातातून निसटायला लागला. उकाडा फार, हात घामेजले. ड्रोन वर घेतला नाही. वारा नव्हता, पण येण्याची शक्यता होती. बंद करून परत आणला, उपाशीपोटी असली कामं होत नाहीत. उद्यापासून नाश्ता करून जायचं.
दुकानात लखन पंपवाला आला. दात काढून म्हणतो, "योसेफभाऊ, भात तुन्हा कागदनी वाट दखी ऱ्हायनं का?" म्हणे भात कागदाची वाट बघतोय! अडाणी. तरी त्याला हळूच विचारलं, ताईकडे आज जातोस का? म्हणाला, आता सगळीकडे तुडतुडे आलेत, माझे सहा दिवस बुक आहेत. शुक्रवारी बोलावलं होतं ना, परत कुणी पाठवलं?
ईमेलला उत्तर नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर. दुपारी
ताई स्वतः आली. जीपने, उभ्याने. पिशवीतून मुळासकट उपटलेलं भाताचं चूड काढून माझ्या काउंटरवर ठेवलं. बुंध्याला किडे नुसते बुजबुजलेले. ताटाएवढं होतं ते आता अंगणाएवढं झालंय म्हणाली. पदराने डोळे पुसले. बाप गेला तेव्हाही रडली नव्हती ही बाई.
मग विचारते, भाऊ, पार्ट आला का रे? काल पाड्यावर सगळ्यांनी मिळून तुझ्या पार्टसाठी प्रार्थना केली.
मी स्टेपलर उघडून त्यात पिना भरल्या. भरलेलाच होता. म्हटलं, उद्या येतोय बहुतेक. प्रिस्किला डबा घेऊन आली होती, दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. डबा ठेवून तशीच निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
ठराव: उद्या उत्तर येवो न येवो, महाराष्ट्रातले दोन एकर तरी मारायचे. वारा नसेल तर.

गुरुवार, १८ सप्टेंबर
सकाळी पावणेसहाला उठलो. बायको नाही, ड्रोन नाही, पँटच्या खिशात दुकानाची आणि कपाटाची किल्ली नाही. शेजारी म्हणाले, गटातल्या सरलाबाईंच्या पिकअपमधून गेल्या.
बाईक काढली. फ्लाइट प्लॅन खिशात होता, निदान तो तरी तिच्याकडे असायला हवा होता.
ताईच्या शेतावर पोचलो तर ड्रोन आंब्याच्या बाजूने परत येत होता. हद्दीच्या दगडावरून सरळ अलीकडे आला. मी हात हलवून ओरडलो, कुणाला ऐकू जातंय! प्रिस्किलाने मान न वळवता सांगितलं, टाकीला पाणी आणा. आणलं. ओढ्यापासून बांधापर्यंत अकरा खेपा झाल्या. तिचा रिमोटवरचा हात एकदाही चुकला नाही. इतके दिवस घरात हे कधी बघितलंच नव्हतं.
पलीकडचं एकर वाचेल. अलीकडचे दोन जवळजवळ गेले, विस्तव फिरवल्यासारखे. ताई त्यात उभी राहून म्हणाली, म्हणजे पार्ट आला. प्रिस्किलाने माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघितलं. आला, म्हणाली प्रिस्किला.
घरी येताना ती माझ्या बाईकवर बसली नाही, पिकअपनेच आली.

शनिवार, २० सप्टेंबर. दुपारी ४
ताई दुकानात आली. पीक नुकसानीचा अर्ज भरायचा होता. माझ्याशिवाय कोण भरणार? नाव, गट नंबर, क्षेत्र, सगळं भरभर लिहिलं. मग रकाना आला: फवारणीस उशीर झाला असल्यास कारण.
पेन थांबलं. ताईला वाटलं मला सुचत नाही. म्हणाली, लिही ना, मशीनचा पार्ट वेळेवर मिळाला नाही. खरं तेच लिही, सरकारला खोटं कशाला सांगायचं.
लिहिलं. चांगल्या अक्षरात. तिने खाली सही केली आणि पदराखालून एक पिशवी काढली. मागल्या वर्षीचे तांदूळ होते, घरात उरलेले. म्हणाली, तू एवढी धावपळ केलीस, वहिनीला दे.
घ्यायला नको होते. घेतले.
उद्या तिला खरं सांगायचं, नक्की. पण उद्या रविवार, चर्चमध्ये माणसं असतात. सोमवारी सांगतो.