अठ्ठावीस निळ्या पुड्या

डॉक्टर सेब्तीसाहेब,

मंगळवारी शाळेत तुम्ही मुलांनी घरून आणलेल्या मिठावर थेंब टाकलेत. अठ्ठावीस पुड्या निळ्या झाल्या, म्हणजे आयोडीन आहे. माझ्या लेकीची, तिलिलाची, तेवढी पांढरी राहिली. सगळ्यांदेखत मला म्हणालात, "बाई, अख्ख्या गावात तुम्हीच मागासलेल्या!"

अहो, त्या अठ्ठावीस पुड्या माझ्याच पाकिटातल्या! माझा नवरा शहरातून मीठ पाठवतो. बाकी गाव डोंगरातलं दगडी मीठ खातं. पाहुण्यापुढे चांगलं तेच ठेवायचं ही आमची रीत. तुम्ही मीठ तपासायला येणार हे कळलं, तशा आदल्या दिवशी बाया दारात हजर. "हादा, चिमूटभर दे गं, घराच्या अब्रूचा प्रश्न आहे!" मिठाला नाही कसं म्हणू? पाकीट संपलं, तिलिलाच्या हाती दगडी मीठ आलं.

तुम्ही शेरा मारलात, "गाव उत्तम", आणि आयोडीनच्या गोळ्या एकट्या तिलिलाला दिल्यात. शेजारच्या यामनाच्या लेकीच्या गळ्याला लिंबाएवढी सूज आलीय, आणि यामना मलाच म्हणते, "गोळ्या मिळाल्या, नशीब काढलंस हो!"

हे पत्र धाडलं तर गाव मला वाळीत टाकेल. म्हणून ते मिठाच्या रिकाम्या पाकिटात ठेवतेय. साहेब, परत या. पण कळवून येऊ नका, आणि शाळेत न जाता थेट यामनाच्या चुलीपाशी जा.

तुमची मागासलेली,
हादा